घरगाडीची चौकशी

सिल्वासा
मंगळवार, ७ जानेवारी १९९२

चि. योगेश,

आशीर्वाद. तुला हवेत की नकोत ते ठाऊक नाही, पण पत्राच्या वर ते लिहायची माझी सवय आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. साडेतीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. कुणी आजारी आहे किंवा गेलं असेल, असं वाटून मी आधी शेवटची ओळ वाचली. तिथे होतं, "गाडी बघून कळवावे." मग वरून वाचायला घेतलं.

तर जाहिरात अशी, की सामरवरणीला राहण्याची सोय असलेली जुनी मिनीबस विकायला आहे. ती तुम्ही घेणार, तिच्यातच राहणार, जेवणार, झोपणार, आणि जूनपासून आश्रमशाळांच्या अंगणात उभी करून पोरांना विज्ञानाचे प्रयोग दाखवणार. भाड्याची जागा मार्चअखेर सोडायची, होती नव्हती ती शिल्लक गाडीत घालायची. कारखान्यातली कायमची नोकरी सोडून माणूस लोहचुंबक दाखवत गावोगाव फिरतो, ह्यावर मी काही बोलत नाही. तू विचारलेलं नाहीस. तू एवढंच विचारलंस की गाडी घेण्यासारखी आहे का. आणि मी हो म्हटलं तरच घेणार, असंही लिहिलंस.

मला कळत नाही ते हे की मीच का? नाशकात गाड्या बघणारे संपले का? इथे तुझ्या वर्गातला भावेश आहे, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, त्याला एक कार्ड टाकलं असतंस तरी काम झालं असतं. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून तू गेलास. आता एकदम माझ्या शब्दावर सगळी शिल्लक लावतोस. ह्यात काहीतरी आहे.

तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. साडेतीन वर्षांनी मुलाचं पत्र येतं आणि बाईची एक काडी इकडची तिकडे होत नाही. ती शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर तुमचा पत्रव्यवहार चालू असणार, हे मला त्याच वेळी समजलं. असू दे.

पूजाशी तुझं लग्न व्हायच्या आधी मी नाशकात जी चौकशी केली, तिच्याबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस. मीही लिहीत नाही. मुलीच्या घरची चौकशी सगळेच करतात, एवढंच म्हणतो.

गाडी बघतो. चोवीस वर्षं इथल्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून काढली. ठेकेदाराने कुठे वाळू जास्त घातली ते मला चपलेच्या आवाजावरून कळायचं. गाडी काय मोठी लागून गेली.

बाबा


सिल्वासा
सोमवार, १३ जानेवारी १९९२

चि. योगेश,

काल जाऊन आलो. मालकाला दहाची वेळ दिली होती, मी नऊला पोचलो. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे पहिल्या चावीला गाडी चालू होते आणि बघणारा खूश. मी गेलो तेव्हा मालक दात घासत होता. मी सरळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होतं. म्हणजे एकतर माणूस सरळ आहे, नाहीतर मी लवकर येणार हे त्याने ताडलं होतं.

त्याचं नाव सुकदेव. मूळचा शिरपूरकडचा. कारखान्यात नवीन मशीन आलं की ते उभं करून द्यायचं, हा त्याचा धंदा. दोन महिने वापी, तीन महिने अंकलेश्वर, मग तारापूर. दर ठिकाणी खोली शोधून कंटाळला, म्हणून कुठल्याशा कंपनीची मिनीबस लिलावात घेतली आणि आत घर केलं. अठरा वर्षं नवरा-बायको आणि मुलगी तिच्यात राहिली. आता मुलगी सासरी गेली, सामरवरणीत विटांचं घर झालं. आजूबाजूचे लोक गाडीला घरगाडी म्हणतात. विकायचं कारण म्हणे गुडघे. चढताना दुखतात. मी त्याला मुद्दाम तीनदा चढायला लावलं. तिसऱ्यांदा खरोखरच कण्हला.

आतली व्यवस्था चांगली आहे, हे कबूल करायला हवं. मागे आडवा पलंग, बाजूला एक फळी जी दिवसा टेबल होते, शेगडीचा ओटा, मोरी, टपावर पाण्याची टाकी. प्रत्येक डब्याला खटका, प्रत्येक कपाला आकडा. त्याच्या बायकोने, केसरबाईने, त्याच शेगडीवर चहा केला आणि गाडीतच दिला. मला बसवून ठेवायचा बेत असावा. बसलेला माणूस खाली वाकून बघत नाही. मी उभ्याने प्यायलो.

आता मुद्दे. चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, नंबर पुस्तकाशी जुळला. बसचं घर केल्याची नोंद पुस्तकात आहे, पण सही फिसकटलेली. आज सकाळी आरटीओ ऑफिसात जाऊन रजिस्टर पाहिलं. सही खरी निघाली. इंजिन चालू करताना पांढरा धूर, मिनिटभरात गेला. निळा धूर नाही. मागचं डावं टायर आतून जास्त झिजलंय, हे लिहून ठेव.

मग मी पाणपातळी आणि ओळंबा काढला. सुकदेवला हसू आलं, पण त्याने दाबलं. गाडी उजवीकडे दीड इंच झुकलेली. मी म्हटलं, "हे काय?"

"टाकी फुल भरेल आहे साहेब, म्हणून राईटला दबते. खाली करून देतो, मग देखा."

टाकी रिकामी केली. पाव तास पाणी वाहिलं, केसरबाईने त्यात कपडे धुवून घेतले. पुन्हा पाहिलं तर बुडबुडा मधोमध.

छत गळतं का बघायचं होतं. जानेवारीत पाऊस कुठून आणणार? म्हणून टपावर बादल्या ओतायला लावल्या. आठ बादल्या झाल्या. मी आत कंदील घेऊन कानाकोपरे चाचपत बसलो. एक थेंब नाही. अठरा वर्षांची वापरलेली गाडी आणि एक थेंब गळत नाही, हे मला जरा जास्तच वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा जातो.

बाबा


सिल्वासा
सोमवार, २० जानेवारी १९९२

चि. योगेश,

गाडी घेऊ नकोस.

काल मी टेप घेऊन गेलो. लांबी, रुंदी, उंची, सगळं बाहेरून मोजलं, मग आतून मोजलं. मागच्या पलंगाखाली उंचीत नऊ इंचांचा हिशेब लागत नाही. बाहेरून जागा आहे, आत ती नाही. पलंगाखाली प्लायवुडची फळी आहे आणि तिला चारी बाजूंनी खिळे. बाकी सगळ्या गाडीत जिथे तिथे खटके आणि बिजागऱ्या, आणि इथेच नेमके खिळे. वर नवा रंग. मी बोटाने वाजवलं, पोकळ आवाज आला. सुकदेवला विचारलं तर म्हणतो, "ते बंद करेल आहे, काही कामाचं नाही." आणि विषय टायरवर नेला.

आता तू लहानपण इथेच काढलंस, तुला सांगायला नको. सिल्वाशात बाटली राजरोस मिळते आणि वापीच्या रस्त्याला नाका ओलांडला की गुजरातची दारूबंदी. नाक्यावर ट्रकवाल्याला उतरवतात, रिक्षावाल्याच्या सीटखाली हात घालतात. पण बायको शेगडीवर पोळ्या करतेय, मुलगी खिडकीतून बघतेय, दोरीवर कपडे वाळतायत, अशा गाडीला कोण हात लावणार? वापी, अंकलेश्वर, सगळी गावं नाक्याच्या पलीकडची. अठरा वर्षं. विटांचं घर काय उगाच झालं?

उद्या नाक्यावर एखादा जुना शिपाई गाडी ओळखेल आणि तुम्हाला उतरवून पलंग उचकटेल, तेव्हा तू मास्तर आहेस की कोण हे त्याला काय माहीत. पूजाही बरोबर असणार.

तरी मी घाईने लिहीत नाही. सुकदेवच्या घराशेजारी आक्काबाई म्हणून एकीचं किराण्याचं दुकान आहे. येताना तिथे थांबून काड्यापेटी घेतली, गुळाचा भाव विचारला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की ही गाडी रात्री-अपरात्री जायची का, माल काय भरायची, माणूस कसा आहे, ह्याला कधी पोलीस शोधत आले होते का. बाई बोलायला मोकळी वाटली. म्हणाली, बघून सांगते. अशा बायकांना सगळं ठाऊक असतं, फक्त विचारायचं कसं ते कळायला हवं.

तुम्ही दुसरी गाडी बघा. नाहीतर काहीच बघू नका.

बाबा


सिल्वासा
बुधवार, २९ जानेवारी १९९२

चि. योगेश,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. आधी एक लिहून फाडलं. त्यात मी थोडं कमी सांगितलं होतं.

आक्काबाई केसरबाईची सख्खी बहीण आहे.

मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सव्वीस तारखेला झेंडावंदन करून मी घरी आलो, तुझी आई शाळेतून यायची होती, आणि आपल्या चाळीच्या अंगणात ती गाडी येऊन उभी राहिली. सुकदेव उतरला. हातात पहार. पाठोपाठ केसरबाई. रविवार, त्यात झेंडावंदनाची सुट्टी, सगळी बिऱ्हाडं बाहेर.

मला वाटलं मारतो की काय. पण तो ओरडला नाही. मागचं दार उघडलं, पहार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उघडा साहेब. तुमच्याच हाताने उघडा. मी उघडलं तर म्हणाल आधी काढून घेतलं."

मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "राहू कसं दे? चार लोकांत इचारलं ना तुम्ही? मग चार लोकांत देखा." केसरबाई तिच्या बोलीत एवढंच म्हणाली, "काय शे भाऊ त्यामा, देखी ल्या."

मी खिळे काढले. एक खिळा नखात गेला. फळी निघाली. आत एक लांबट खण होता, चाकं लावलेला, ओढला की बाहेर येणारा. आत जुनं वर्तमानपत्र आणि उंदराच्या लेंड्या. खणाच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली, ओळीने. योगेश, मी तुला खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की बाटल्यांच्या माना अडकवायला असतील.

ती हवेसाठी होती. त्यांची सोनी त्या खणात झोपायची. दीड वर्षाची असल्यापासून सहा वर्षांची होईपर्यंत. गाडी चालू असताना खण अर्धा आत, थांबली की पूर्ण बाहेर. मग तिचे पाय मावेनात, उंदीर शिरायला लागले, म्हणून सुकदेवने खिळे मारले. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, "पोरगी गेली ना साहेब आत्ता मे महिन्यात सासरी. आईसमोर तो विषय काढला की ती दोन दिवस जेवत नाही."

सगळी चाळ बघत होती. शेजारच्या कारभारी पाटलांनी सुकदेवला पाणी आणून दिलं, मला नाही.

आणि आता ऐक. एवढं झाल्यावर माणूस निघून गेला असता तर मी समजलो असतो. त्याने मला गाडीखाली झोपायला लावलं. स्वतः शेजारी झोपला, बॅटरी मारली आणि मागच्या आडव्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे चीर होती, बोटभर लांब. म्हणाला, "तुम्ही दोन रविवार आले. ओळंबा लावला, पाणी ओतलं, बहिणीला इचारलं. हे नाही देखलं. ही तुटली असती ना घाटात, तर मागचं सगळं बसलं असतं. टायर आतून का घासतं, ते ह्याच्यामुळे." मी टायर पाहिलं होतं. तुला लिहिलंही होतं. टायर का झिजलं हे विचारायचं सोडून मी नऊ इंच मोजत बसलो.

मी त्याला विचारलं, मग हे तू मला पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंस? तो म्हणाला, "दाखवणारच होतो. तुम्ही बोलूच कुठं देत होते?"

दुसऱ्या दिवशी चिंधा वेल्डरकडे त्याने गाडी नेली. मी समोर उभा राहिलो. चीर घासून, भरून, वरून जाड पट्टी मारली. चिंधाने मला पाहून विचारलं, "ते मोजमापवाले साहेब हेच का?" म्हणजे गोष्ट सामरवरणीच्या पुढे गेली आहे.

गाडी चांगली आहे. मागचं म्हणणं मी मागे घेतो. पट्टी मारल्यावर बारा किलोमीटर मी स्वतः शेजारी बसून गेलो. खानवेलच्या रस्त्याला चढावर ती ओढते. घ्यायला हरकत नाही.

पण ह्या तीन दिवसांत मी दुसऱ्याच गोष्टीवर विचार करत होतो. असं माझ्या हातून दुसऱ्यांदा झालं. तुझ्या लग्नाच्या वेळी नाशकात मला एकाच माणसाचा पत्ता माहीत होता, अरविंद देशमाने, खात्यातल्या ओळखीचा. पूजाच्या गल्लीतच राहतो हे ऐकून मी त्याला चार पानी पत्र लिहिलं. मुलीला आधी किती जणांनी पाहून नाकारलं, घरात कुणाला कोड आहे का, वेड आहे का, मुलगी मुलांशी बोलते का, चष्मा लपवते का. तो तिचा सख्खा मामा होता. आडनाव वेगळं, मी विचारलं नाही. त्याने ते पत्र जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवलं, असं तू मला त्या दिवशी ओरडून सांगितलंस. तू रजिस्टर लग्न केलंस आणि आम्हाला बोलावलं नाहीस. मी साडेतीन वर्षं म्हणत राहिलो की चूक देशमानेची, त्याने पत्र दाखवायला नको होतं.

खिळा लागलेलं बोट सुजलंय. म्हणून अक्षर असं.

बाबा


सिल्वासा
बुधवार, ५ फेब्रुवारी १९९२

चि. योगेश,

तुझ्या आईने काल शेवटी तोंड उघडलं. मी तिला म्हटलं, पोराला मीच का आठवलो हे मला अजून कळलेलं नाही. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला नाही. पूजाला. ती म्हणाली, बाबांना बघू दे. त्यांच्याइतक्या वाईट नजरेने गाडीकडे दुसरं कुणी बघणार नाही."

मी ताट सारून उठलो. अंगणात जाऊन उभा राहिलो. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. सुनेने सासऱ्याच्या स्वभावाचा उपयोग करून घ्यावा, तोही कुत्रा हुंगायला सोडल्यासारखा. मग डास चावायला लागले म्हणून आत आलो. झोपताना लक्षात आलं की तिला दुसरं कुणीही सुचवता आलं असतं. माझं नाव घेतलंच नसतं तर तुम्ही कुणी मला विचारणार नव्हता.

आता अडचण. वापीचा एक हॉटेलवाला गाडी मागतोय. तुमच्यापेक्षा बरेच जास्त देतो म्हणतो. तो परवा बघायला आला तेव्हा त्याने इंजिन पाहिलं नाही, शेगडी पाहिली नाही. पलंगाखाली डोकावला आणि विचारलं, "इधर कितना माल आयेगा?" केसरबाईने त्याला चहासुद्धा दिला नाही. सुकदेवचं मन मात्र डळमळतंय, त्याला दोष देता येत नाही. केसरबाई म्हणते, पोरीच्या खणात बाटल्या जाऊ देणार नाही, पण ज्यांना द्यायची ते कोण, कसे, हे तरी कळू दे. नवरा गाडी चालवेल, पण घर बाई चालवते. त्या बाईची माहिती कोण देणार? तर मी. रविवारी मला बोलावलंय.

तुला विचारावं म्हणून हे पत्र घेतलं. पूजाबद्दल एकेक मुद्दा लिहीत गेलो, म्हणजे तू उलट टपाली उत्तर द्यावंस. तिचा स्वभाव कसा, रागावते का, माणसं जोडते का. पाचव्या प्रश्नाला थांबलो. मी पुन्हा तेच लिहीत होतो. तो कागद फाडला, हा दुसरा आहे.

काही कळवू नकोस. मी बघतो.

बाबा


सिल्वासा
सोमवार, १० फेब्रुवारी १९९२

पूजा,

तुला काय म्हणून हाक मारावी हे ठरत नव्हतं, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुझ्या नावाने लिहिलेलं माझं हे पहिलं पत्र. तुझ्याबद्दल लिहिलेलं नव्हे, ते तू वाचलं आहेस.

काल मी केसरबाईकडे गेलो. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, मी येते. मी नको म्हटलं. एकट्यानेच जायला हवं होतं. त्यांच्या घरात पाट मांडला होता, चहा तयार होता. आक्काबाईही होती. तिने मला गुळाचा भाव सांगितला. मी मान खाली घालून ऐकला.

केसरबाईने चहा पिऊन होऊ दिला. मग मांडी घालून समोर बसली आणि म्हणाली, "हं भाऊ. सून कशी आहे तुमची?"

आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारला. भाडेकरूबद्दल, ठेकेदाराबद्दल, मोलकरणीबद्दल, तुझ्याबद्दल. मला कुणी कधी विचारला नव्हता. त्याला उत्तर देणाऱ्याची काय गत होते, हे मला काल कळलं. तुझ्याबद्दल मला माहिती काय होती? उंची, शिक्षण, जन्मतारीख. तू हसतेस कशी तेसुद्धा मी पाहिलेलं नाही. साखरपुड्याआधी एकदा आलीस तेव्हा मी तुझ्या चपलांच्या टाचा पाहत होतो, कुठल्या बाजूने झिजल्यात ते.

खरं सांगायचं तर "माहीत नाही" एवढंच सांगता आलं असतं. मग गाडी वापीला गेली असती.

मी म्हटलं, मुलगी चांगली आहे. ती म्हणाली, चांगली म्हणजे कशी? मग मी बोलत गेलो. म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवते. पाणी जपून वापरते. पोरांवर ओरडत नाही, त्यांना स्वतःच्या हाताने करून बघू देते. नवरा थकला असला तर त्याला घाटात गाडी चालवू देणार नाही, चावी काढून घेईल. कुणी वाईट वागलं तरी त्या माणसात काही कामाचं असेल तर ते बघते, टाकून देत नाही. हे शेवटचं बोलताना मी रिकाम्या कपाकडे बघत होतो. केसरबाईला ते दिसलं. तिने विचारलं, "तुमच्याकडे येती-जाती का?"

मी म्हटलं, "येते ना."

सुकदेव माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेतून सुटणार नाही, असं मला वाटलं. माणूस गाडीखाली झोपून चीर शोधणारा. पण तो उठला, हॉटेलवाल्याच्या नावाची चिठ्ठी चुलीत टाकली आणि म्हणाला, "मग झालं. मोजमापवाले साहेब जिची हमी घेतात, तिला अजून काय देखायचं?"

पूजा, मी कुणाचीही हमी घेतलेली नाही, कधीच. सख्ख्या भावाला बँकेत सही दिली नाही. काल पहिल्यांदा घेतली, आणि तीही अशा मुलीची, जिची मी चौकशी केली तेव्हा फक्त वाईट शोधायला केली. त्या पत्राबद्दल मी तुझी माफी मागतो. तुझ्या वडिलांची वेगळी मागायला हवी, ती पत्राने मागून भागणार नाही. त्यांनी दारात उभं केलं तर बरं, नाही केलं तरी मी येऊन जाईन.

गाडीची कागदपत्रं सुकदेव तयार ठेवतोय. महाराष्ट्रात नोंद बदलून घ्यायला इथल्या ऑफिसची ना-हरकत लागते, तो अर्ज मी आज दिला. मागची दोन्ही टायरं नवीन घ्या, त्यात काटकसर नको. शेगडीचा खटका वर उचलून मग डावीकडे सरकवायचा असतो. तो कसा ते केसरबाईला तुलाच दाखवायचं आहे, योगेशला नाही. चावीही ती तुझ्याच हातात देणार आहे. तिने रविवार, एक मार्च सांगितला आहे. जव्हारमार्गे सकाळची एसटी दुपारी इथे पोचते.

आमच्याकडे उतरायचं की भावेशकडे, हे तुम्ही ठरवा. आमच्याकडे उतरलात तर मी काही विचारणार नाही. प्रवास कसा झाला एवढंसुद्धा विचारणार नाही, हवं तर.

केसरबाईला मी जे सांगितलं ते खरं आहे का, ह्याचा मी शोध घेणार नाही. तू पसाऱ्यातली असशील, पाणी सांडणारी असशील, पोरांवर ओरडत असशील. माझ्यावर ओरडायचं असेल तर त्यासाठीही ये. मी सांगितलेलं सगळं खोटं निघालं तरी मला चालेल.

श्रीकांत